टाकी शाबूत, कॉक फुटलेला: हरितगृहातल्या गोठलेल्या पाण्याचं एक प्रकरण

थंडीच्या तीन रात्री सरल्या. चौथ्या दिवशी ढग हटले, लख्ख ऊन पडलं आणि आमचं खरं नुकसान त्या उन्हात झालं. दुपारी हरितगृहाचं दार उघडलं तर वाफ्यांमधल्या वाटा पाण्याखाली, कडेची माती वाहून मधोमध आलेली, आणि कोपऱ्यातल्या हजार लिटरच्या टाकीत जेमतेम दोन-चार बादल्या पाणी उरलेलं.

दादाने टाकीभोवती दोनदा फेरी मारली, सगळीकडून हात फिरवला आणि म्हणाला, "अरे, टाकीला काहीच झालेलं नाही."

"दादा, मग पाणी गेलं कुठून?"

उत्तर खाली गुडघ्याच्या उंचीवर होतं. टाकीच्या पुढे पाइपात बसवलेला पाऊण इंची पितळी कॉक उभा चिरला होता. चीर इतकी बारीक की नख जेमतेम अडकेल. पण पाण्याला तेवढी पुरते. त्याच्यापुढच्या फिल्टरची प्लास्टिकची वाटी दोन तुकड्यांत पडली होती आणि पंपाच्या पोटाला तडा गेला होता. भिंतीलगत पाण्याने भरून ठेवलेल्या दहा पिंपांपैकी एकही फुटलं नव्हतं.

त्या दिवसापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही जे शोधलं, मोजलं, बदललं आणि जिथे चुकलो ते इथे सगळं लिहितो. टाकी गोठेल या धास्तीने जे लोक टाकीला गोधड्या गुंडाळतात आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतात, त्यांच्यासाठी हे विशेष. आम्हीही तेच केलं होतं.

मांडणी

हरितगृह ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, कमानीचं, वर पॉलिथिनचा एकच थर. आत दोन तऱ्हेचं पाणी. एका भिंतीलगत २०० लिटरची दहा काळी पिंपं, ओळीने. ती दिवसा ऊन पिऊन रात्री ऊब द्यावी म्हणून ठेवलेली. त्यांतलं पाणी कधी काढायचं नाही. दुसरं पाणी वापरायचं. दाराजवळच्या कोपऱ्यात लाकडी पॅलेटवर हजार लिटरची चौकोनी प्लास्टिकची टाकी, तळाशी तिचा स्वतःचा मोठा व्हॉल्व्ह, त्यापुढे रिड्यूसर (मोठं तोंड बारीक पाइपाला जोडणारा तुकडा), मग तो पितळी कॉक, फिल्टर, छोटा पंप आणि शेवटी ठिबकच्या नळ्या. आत थंडी सोसणारी पालेभाजी आणि वसंतासाठी लावलेली रोपं.

त्या आठवड्यात बाहेरचं तापमान पहाटे उणे १० अंशांपर्यंत जात होतं. दिवसही ढगाळ, पारा शून्याच्या वर जेमतेम. आतला किमान तापमापक सकाळी उणे ६ दाखवायचा. टाकीवर आम्ही जुनी पांघरुणं टाकली होती, तीही फक्त वरून. टाकीचा मोठा व्हॉल्व्ह उघडाच होता, कारण रोज पाणी सोडायला पुढचा पितळी कॉक सोयीचा. बंद होता तो पितळी कॉक.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं. सगळं प्रकरण त्यात आहे.

टाकी का गोठली नाही

आधी हिशेब. विजेच्या बिलावर असतं तेच युनिट धरू, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतात. हजार लिटर पाणी एका अंशाने थंड होतं तेव्हा सुमारे १.१६ युनिट उष्णता बाहेर जाते. आणि तेच पाणी शून्य अंशावर पोचून पूर्ण गोठायचं झालं तर त्यातून जवळजवळ ९३ युनिट निघून जावे लागतात. शून्यावरचं पाणी ८० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागेल तेवढीच ही. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६०च्या सुमारास ही दडलेली उष्णता ओळखली. आपण शाळेत तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो, प्रश्नपत्रिकेत सोडवली आणि विसरलो. हरितगृह चालवणाऱ्याने ती विसरून चालत नाही.

आमच्या टाकीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण ६.८ चौरस मीटर. उघड्या पृष्ठभागातून, वारा नसताना, दर चौरस मीटरला दर अंश फरकामागे ८ वॅटच्या आसपास उष्णता जाते. म्हणजे टाकी आणि हवा यांच्यात एका अंशाचा फरक असेल तर सुमारे ५४ वॅट. संध्याकाळी पाणी ५ अंशांवर आणि आतली हवा रात्रभर सरासरी उणे ५ धरली तर १४ तासांच्या रात्रीत पाणी शून्याला टेकतं. म्हणजे पहिल्या रात्री टाकीतली सगळी ऊब गेली. इथपर्यंत भीती खरी आहे.

पण दुसऱ्या रात्रीपासून गोष्ट बदलते. आता जे जातं ते बर्फ करून जातं. ५४ वॅट गुणिले ५ अंश, म्हणजे २७० वॅट. १४ तासांत ३.८ युनिट, आणि त्यातून बर्फ किती? सुमारे ४० किलो. हजारातले चाळीस. सकाळी झाकण उघडलं की वर बर्फाची लादी दिसते, माणूस घाबरतो, टाकी गोठली म्हणतो. खाली साडेनऊशे लिटरहून जास्त पाणी हलत असतं. तिसऱ्या सकाळी आमच्या टाकीत वर तीनेक सेंटिमीटरचा बर्फ आणि कडेने पातळ कवच एवढंच होतं. त्याच गतीने ती पूर्ण गोठायला तशाच पंचवीसेक रात्री सलग लागल्या असत्या, आणि बर्फाचा थर स्वतःच थोडं पांघरुणाचं काम करतो, म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त.

मग कॉक का फुटला

आता तोच हिशेब पाइपाचा. आतून २ सेंटिमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपात पाणी मावतं तिसरा हिस्सा लिटर. त्याभोवती बाहेरचा पृष्ठभाग मात्र ०.०७८ चौरस मीटर. दर लिटरमागे हवेला उघडा पडलेला पृष्ठभाग टाकीच्या ३७ पट. त्याच उणे ५ अंशांच्या हवेत हे पाणी वीस-पंचवीस मिनिटांत शून्यावर येतं आणि नऊएक तासांत आरपार बर्फ होतं. टाकीला महिना लागतो ते काम पाइपात एका रात्रीत उरकतं.

आणि बर्फ झाला म्हणून लगेच फुटतं असंही नाही. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. फुगायला जागा असेल, पाणी मागे टाकीकडे सरकू शकत असेल, तर काही बिघडत नाही. पाइपात बर्फ एकसारखा धरत नाही. जिथे थंडी जास्त तिथे आधी बूच तयार होतं. आमच्याकडे ते रिड्यूसरजवळ झालं असणार, कारण ती जागा दाराच्या फटीसमोर होती. बूच आणि बंद कॉक यांच्यामध्ये जे थोडं पाणी अडकलं त्याला आता ना पुढे वाट, ना मागे. बूच वाढत गेलं, अडकलेल्या पाण्यावर दाब चढत गेला, आणि पितळ फाटलं. धातू फाटतो तो बर्‍याचदा बर्फाच्या जागी नसतोच, अडकलेल्या पाण्याच्या जागी असतो. म्हणून फुटलेला भाग पाहून "इथे जास्त थंडी लागली" असा निष्कर्ष काढू नये. आम्ही पहिल्या तासात तोच काढला होता आणि कॉकभोवती फडकी गुंडाळायला घेतली होती.

आमचा कॉक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आत भोक असलेला गोळा फिरवून बंद होणारा. त्याचं आणखी एक वैगुण्य आहे. आतला गोळा बंद स्थितीत असताना त्याच्या भोकात आणि गोळ्यामागच्या पोकळीत पाणी कोंडलेलं राहतं. पाइप रिकामा केला तरी ते तिथेच. म्हणून पाइप रिकामा केल्यावर असा कॉक अर्धा उघडा, तिरका ठेवायचा; मग कोंडलेलं पाणी निथळतं. दांडा आडवा नाही, उभा नाही, मधोमध. एवढ्या साध्या गोष्टीने कितीतरी कॉक वाचतात.

तीन रात्री आणि ढगाळ दिवसांत त्या चिरेला बर्फाच्या बुचानेच झाकून ठेवलं होतं. एक थेंब गळला नाही. चौथ्या दिवशी उन्हाने बूच वितळवलं, टाकीचा मोठा व्हॉल्व्ह उघडाच होता, आणि नऊशे लिटर पाणी वाफ्यांत गेलं. थंडी ओसरली की पाहणी करायची सवय अनेकांना असते. पाहणी थंडी ओसरण्याआधी, बर्फ अजून घट्ट असताना करायला हवी, आणि टाकीला लागून असलेला पहिला व्हॉल्व्ह तेव्हाच बंद करायला हवा. तो गोठून बसला असेल तर ओढाताण न करता कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्यावर धरावं. उघड्या ज्योतीने तापवू नये. प्लास्टिक आणि वॉशर दोन्ही जातात.

घाईत केलेला उपाय

मध्ये एक चूक सांगतो, कारण ती धोक्याची होती. दुसऱ्या रात्री टाकीत बर्फ दिसल्यावर आम्ही बादलीत पाणी तापवायचा रॉड त्या टाकीत सोडला होता. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारी कळ, नसलेला, दोरीने लटकवलेला. सकाळी पाहिलं तर रॉडभोवती परातीएवढं भोक, बाकी बर्फ तसाच, आणि रॉड सरकून प्लास्टिकच्या भिंतीपासून चार बोटांवर आलेला. तो भिंतीला टेकला असता तर टाकी वितळली असती. पाण्याची पातळी उतरली असती तर रॉड हवेत तापून आग लागली असती. चौथ्या दिवशी टाकी रिकामी झाली तेव्हा तो रॉड आम्ही काढलेला होता, हे नशीब. ओल्या जमिनीवर, लोखंडी कमानींच्या मध्ये, विजेची गळती पकडणाऱ्या संरक्षणाशिवाय पाण्यात वीज सोडणं हा जिवाशी खेळ आहे. कोणी करत असेल तर आजच थांबवा.

दोन पाण्यांची दोन कामं

उन्हाळ्यात आम्ही निवांत बसून आखणी केली. पहिल्या वर्षीचा गोंधळ असा होता की सगळ्याच पाण्याला एक नियम लावला: गोठू द्यायचं नाही. पिंपांतलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांची कामं वेगळी, म्हणून नियमही वेगळा हवा.

पिंपांचा विचार आधी. दहा पिंपांत ढोबळमानाने दोन हजार लिटर पाणी धरू. संध्याकाळी ते ८ अंशांवर असेल तर शून्यावर येईपर्यंत साडेअठरा युनिट उष्णता देतं. पॉलिथिनचा एकेरी थर मात्र दर चौरस मीटरला दर अंशामागे ६ वॅटच्या आसपास घालवतो, आणि आमच्या कमानीचा पृष्ठभाग ६३ चौरस मीटर. त्यामुळे बाहेर उणे १० असताना पिंपं आतली हवा सरासरी तीन-चार अंशांनी वर धरतात, त्याहून जास्त नाही, आणि पहाटेपूर्वी पाणी शून्याला टेकतं. इथे बर्फ धरू लागतो आणि लोक पिंपं वाचवायला धावतात. पण हाच तर पिंपांच्या कामाचा मोठा भाग आहे! शून्यावर पोचेपर्यंत मिळाले साडेअठरा युनिट. यापुढे दर ११ किलो बर्फामागे एक-एक युनिट मिळत राहतो, आणि पिंपाचं तापमान शून्याखाली न जाता स्थिर राहतं. थंड मुलखांत तळघरात साठवलेली फळं गोठू नयेत म्हणून शेजारी पाण्याने भरलेली भांडी ठेवत, ते याच कारणासाठी. पिंपांत हीटर टाकणं, मीठ टाकणं, त्यांना फोम गुंडाळणं, हे सगळं त्यांना ज्या कामासाठी ठेवलं ते करू न देण्यासारखं आहे.

त्यांना एवढंच द्यायचं: फुगायला जागा. २०० लिटरच्या पिंपात १८० लिटरच भरायचं. ते सगळं गोठलं तरी बर्फ १९६ लिटर होतो. वरचं छोटं बूच सैल ठेवायचं, म्हणजे हवा बाहेर जाईल. पहिल्या वर्षी आमची पिंपं काठोकाठ भरलेली नव्हती हा योगायोग; त्यांत वर चार बोटं जाड बर्फ धरला आणि काही झालं नाही. प्लास्टिकचं पिंप थोडं फुगून घेतं. पत्र्याच्या पिंपाची तळाची शिवण मात्र अशा वेळी उकलू शकते, म्हणून त्याला आणखी थोडी जागा ठेवावी.

रंगाबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो, की काळं पिंप रात्री जास्त थंड होतं. दिवसा काळा रंग ऊन जास्त शोषतो हे खरं. रात्री जी उष्णता किरणांनी बाहेर जाते तिच्यासाठी काळा काय, पांढरा काय, साधा रंग जवळजवळ सारखाच. तेव्हा काळं पिंप चांगलंच. फक्त त्याच्यावर ऊन पडायला हवं. पुढे उंच रोपं लावून सावली केली तर ते नुसतं जागा अडवतं.

वापराच्या पाण्याची टाकी

हिच्यासाठी नियम कडक: वापराचं पाणी ४ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि टाकीबाहेर रात्री एक थेंब राहू द्यायचा नाही.

टाकीच्या चारही बाजूंना आणि वर ५ सेंटिमीटर जाडीचा कडक, बंद छिद्रांचा फोम लावला. साधा पांढरा दाणेदार थर्माकोल स्वस्त पडतो, पण हरितगृहाच्या दमट हवेत तो हळूहळू पाणी धरतो आणि उंदरांना फार आवडतो. ५ सेंटिमीटर फोमने उष्णतेची गळती सुमारे बाराव्या हिश्श्यावर येते. आधी ४ अंशांवर पाणी राखायला आतल्या उणे ५ अंशांच्या हवेत जवळजवळ ४९० वॅट लागले असते. आता ४० वॅट. हा फरक एका मोठ्या रॉडचा आणि एका छोट्या दिव्याचा आहे. आधी फोम, मग हीटर. उलट क्रमाने गेलं की दर महिन्याला पैसे जात राहतात.

वरचं झाकण सर्वांत महत्त्वाचं, कारण पॉलिथिन प्रकाशाप्रमाणेच उष्णतेचे किरणही बऱ्याच अंशी आरपार जाऊ देतं. काच तसं करत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री एकेरी पॉलिथिनखालची हवा कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते ती यामुळे. उघडी टाकी छपराखाली असली तरी ती सरळ आकाशाला ऊब देत असते.

तळाला फोम लावला नाही. हे दादाचं डोकं. त्याचं म्हणणं, हरितगृहातली जमीन हवेपेक्षा उबदार असते, मग तिच्याकडून मिळतं ते का अडवायचं? पॅलेटखालची पोकळी मात्र वाऱ्याला मोकळी होती. म्हणून चारही बाजूंचे फोम थेट जमिनीला टेकवले, कडेने माती लावली. पोकळी बंद झाली, आणि जमिनीची ऊब टाकीच्या खाली कोंडून राहिली. त्या पोकळीत ठेवलेला तापमापक पुढच्या हिवाळ्यात एकदाही शून्याखाली गेला नाही.

व्हॉल्व्हला वेगळं गुंडाळलं नाही. हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त सांगावासा वाटतो. पाइपाला नुसता फोम चढवला तर उष्णता हळू जाते, पण जातेच, कारण पाइपाला स्वतःची ऊब नाही. मघाच्याच पाइपावर २ सेंटिमीटर फोम चढवला तर पूर्ण गोठायला नऊएक तासांऐवजी सव्वा दिवस लागतो. एक रात्र निभावते. सलग तीन थंड दिवस आले तर तोच शेवट. म्हणून आम्ही टाकीच्या फोमलाच पुढे एक पेटी जोडली आणि व्हॉल्व्ह त्या पेटीत घेतला, टाकीच्या बाजूने पेटी उघडी. व्हॉल्व्ह आता टाकीच्याच पांघरुणात झोपतो, टाकीची ऊब त्याला मिळते. पुढून झाकण काढून हात घालता येतो.

व्हॉल्व्हच्या पुढचा सगळा भाग रोज रिकामा होतो. पाइपाला उतार दिला, सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा छोटा नळ, सर्वांत वर हवा आत यायला बूच. हवा आत आली नाही तर पाइपातलं पाणी स्ट्रॉमधल्यासारखं लोंबकळत राहतं. निचरा उघडा असूनही पाइप भरलेला, हे आम्ही स्वतः पाहिलं. पंपाच्या पोटाखालचा निचऱ्याचा स्क्रू काढून ठेवायचा, फिल्टरची वाटी काढून उलटी ठेवायची, पितळी कॉक अर्धा उघडा. हात बसल्यावर या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. ठिबकच्या नळ्या लवचिक असतात, त्यांचं काही करावं लागलं नाही.

हीटर १०० वॅटचा, थर्मोस्टॅटसह, पाण्यात बुडून राहणारा, पिंजऱ्यात बसवलेला, तळापासून थोडा वर. थर्मोस्टॅट ४ अंशांवर. जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून, आणि टाकीत पाणी ठरावीक खुणेखाली गेलं की हीटर बंद करायचा हा लिहून लावलेला नियम.

बुडबुड्यांनी शिकवलेला धडा

पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आम्ही आणखी एक प्रयोग केला. पाणी हलतं ठेवलं की गोठत नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं. हीटर बंद ठेवून आम्ही टाकीच्या तळाशी हवेचा दगड सोडला, मत्स्यपेटीतला असतो तसा. दोन सकाळी पृष्ठभाग खरोखर मोकळा राहिला. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी दादाने तळाशी तापमापक सोडला आणि विचारलं, "आधी इथे किती होतं?" आधी साडेतीन होतं. आता अर्धा अंश.

पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं. शाळेतलं 'पाण्याचे असंगत आचरण' ते हेच. त्यामुळे शांत टाकीत तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी बसून राहतं आणि बर्फ धरतो तो वर. आमचा व्हॉल्व्ह कुठे? तळाशी. म्हणजे काही न करता निसर्ग आमच्या सर्वांत नाजूक जागेवर सर्वांत उबदार पाणी ठेवत होता, आणि आम्ही बुडबुड्यांनी ते ढवळून वरच्या थंड हवेला नेऊन दाखवत होतो, वर गोठणाऱ्या हवेचेच बुडबुडे सोडत होतो. बर्फाची लादी दिसत नव्हती म्हणून सगळं ठीक वाटत होतं. माशांच्या तळ्यात बर्फाला खिडकी ठेवायला बुडबुडे ठीक, कारण तिथे वायूंची देवाणघेवाण हवी असते. साठवणीच्या टाकीत त्यांचं काम नाही. दगड त्याच दिवशी काढला.

मिठाच्या पाण्याची बाटली तरंगत ठेवण्याचा उपायही पुष्कळ जण सांगतात. बाटलीतलं पाणी उशिरा गोठतं, पण ते बाहेरच्या पाण्याला उष्णता देत नाही. उघड्यावर वाऱ्याने बाटली हलून थोडा बर्फ मोडत असेल. हरितगृहात वारा नाही. टाकीतच मीठ किंवा गाडीच्या रेडिएटरचं द्रावण घालण्याचा विचारही नको. मीठ झाडांची मुळं मारतं, आणि इथिलिन ग्लायकॉल माणसाला आणि जनावरांना विषारी आहे.

दुसरा हिवाळा

तशीच थंडीची लाट पुन्हा आली, या वेळी पाच दिवसांची, ऊन जवळजवळ नाहीच. टाकीतलं पाणी ७ अंशांवरून पाचव्या दिवशी ४ वर आलं आणि तेव्हा कुठे हीटर पहिल्यांदा लागला. पिंपांत बर्फ धरला, आम्ही तो धरू दिला. त्या पाच रात्री वाफे आणि पिंपं मिळून वर एक आतला पडदा ओढला होता, म्हणजे पिंपांची ऊब अख्ख्या कमानीत पसरण्याऐवजी वाफ्यांवरच राहिली. पिंपांची संख्या वाढवण्यापेक्षा हा पडदा जास्त कामाला आला असं माझं मत झालं आहे. रोपांना पाणी दुपारीच दिलं, तेही आधी बादल्यांत काढून उन्हाला किंवा घरात ठेवून, कारण ४ अंशांचं पाणी कोवळ्या मुळांना धक्काच देतं.

एक गोष्ट तरीही फसली. टाकी भरणारा पाइप जमिनीखालून येतो आणि टाकीशेजारी उभा वर चढून फ्लोट व्हॉल्व्हला, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणाऱ्या नळाला, मिळतो. तो उभा तुकडा आमच्या पांघरुणाबाहेर राहिला होता. दुसऱ्या रात्री तो गोठला. फ्लोट बंद, खाली बर्फाचं बूच, मध्ये अडकलेलं पाणी: अगदी मागच्या वर्षीचीच जुळणी, फक्त टाकीच्या दुसऱ्या तोंडाला. या वेळी सांधा निसटला, फुटला नाही, आणि पुरवठ्याचा मुख्य नळ बाहेर बंद असल्यामुळे पाणी वाया गेलं नाही.

तो उभा पाइप आता काढून टाकला आहे. हिवाळाभर टाकी दुपारी रबरी नळीने भरतो, नळी सोडवतो, उताराला धरून रिकामी करतो आणि दाराजवळच्या खुंटीवर गुंडाळून ठेवतो. दाराच्या आतल्या बाजूला दादाने खडूने पाच शब्द लिहिले आहेत: व्हॉल्व्ह, निचरा, पंप, वाटी, नळी. संध्याकाळी शेवटी जो बाहेर पडतो त्याने प्रत्येकापुढे खूण करायची. काल चारच खुणा होत्या, म्हणून मी अंधारात परत गेलो आणि वाटी काढून आलो.